नाते गावचे बहुभाषी सुपुत्र : चिंतामणराव देशमुख

आपला मुलगा शिकून शहाणा व्हावा, अशी इच्छा आपल्या कोकणातील प्रत्येक आईबापांस असते. परंतु तोच मुलगा परक्या भाषा शिकून आपणांस परका तर होणार नाही ना, ही धास्तीही त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात दडलेली असते. घरी एक बोली, शाळेत ग्रांथिक मराठी आणि तिच्या जोडीस हिंदी, संस्कृत व इंग्रजी, असा भाषांचा मेळा कोवळ्या मनात जमला म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था होते, असे कित्येकांस वाटते. दुसऱ्या पक्षाचे लोक म्हणतात की, प्रत्येक नवी भाषा ही घराला नव्याने पाडलेली खिडकी होय. तिच्यातून प्रकाशच आत येतो. ह्या दोन मतांपैकी खरे कोणते? अनेक भाषा बोलणाऱ्या माणसाचा स्वभाव पालटतो की काय, आणि पालटत असल्यास तो सुधारतो की बिघडतो, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे, तो घरोघरचा आहे. अशा प्रश्नांचा निकाल वादविवादापेक्षा एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रावरून अधिक चांगला लागतो. असे एक चरित्र सुदैवाने आपल्याच महाड तालुक्याच्या मातीत उगम पावले आहे.

रायगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर नाते नावाचे गाव आहे. वीर, दासगाव, महाड ह्या भागातील विद्यार्थी रायगड पाहावयास निघाले म्हणजे त्याच गावावरून जातात. परंतु हे गाव कोणाची जन्मभूमी आहे, ह्याची वार्ता फार थोड्यांस असते. तेथे दिनांक १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील द्वारकानाथ गणेश हे वकील होते. मातेचे नाव भागीरथीबाई. घराण्यात जमीनजुमला होता व लोकांच्या उपयोगी पडण्याची परंपराही होती. बालपणाचा बहुतेक काळ रोहे येथे गेला. आज रोह्याहून वीरला आगगाडीने अल्पावकाशात येता येते, कारण १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहे ते वीर हा टप्पा सुरू झाला. परंतु चिंतामणरावांच्या बालपणी ह्या मुलखात रूळ नव्हते. मुंबई गाठावयाची तर खाडी, बंदर व बोट ह्यांचाच आश्रय करावा लागे. अशा आडवळणाच्या प्रदेशातील मुलगा पुढे जगातील मोठमोठ्या सभांत बसला, तो कोणत्या बळावर, हे पाहण्यासारखे आहे.

त्या बळाचा पहिला पाया संस्कृत भाषेने घातला. इ. स. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामणराव पहिले आले व संस्कृतासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. ह्या शिष्यवृत्तीचा मान त्या काळी एवढा मोठा होता की, ती मिळविणाऱ्या मुलाचे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत कौतुकाने उच्चारले जाई. कवी गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, ह्यांनी ह्या यशाच्या गौरवार्थ कविता रचली. सोळा वर्षांच्या मुलाचे डोके फिरण्यास एवढी स्तुती पुरेशी होती. परंतु तसे घडले नाही. संस्कृताचा अभ्यास करणाऱ्यास शब्द तोलून मापून वापरण्याची सवय लागते. तेथे एक मात्रा चुकली तर वृत्त बिघडते व एक प्रत्यय चुकला तर अर्थ बदलतो. चिंतामणरावांच्या पुढील आयुष्यात जो मितभाषीपणा व जो काटेकोरपणा सर्वांच्या डोळ्यांत भरला, त्याचे बीज ह्या शिस्तीत होते, असे मानण्यास हरकत नाही.

पुढे ते विलायतेस गेले व केंब्रिज येथील जीझस कॉलेजात दाखल झाले. संस्कृताचा हा विद्यार्थी तेथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र ह्या विषयांकडे वळला आणि १९१७ साली वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक घेऊन पदवीधर झाला. ह्यानंतर १९१८ साली लंडन येथे झालेल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत ते पहिले आले. ज्या परीक्षेत इंग्रजांची मुले इंग्रजी ही मायबोली घेऊन बसत, तीत रोह्यासारख्या लहान गावी वाढलेल्या मराठी मुलाने त्यांना मागे टाकावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

ह्याच सुमारास लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. सरकारी चाकरी पत्करावी की स्वराज्याच्या चळवळीत उडी घ्यावी, असा पेच तरुण चिंतामणरावांच्या मनात उत्पन्न झाला व ते लोकमान्यांच्या सल्ल्यास गेले. लोकमान्यांनी त्यांस नोकरी न सोडण्याचा उपदेश केला. स्वराज्य आल्यावर कारभार चालविण्यास कारभारात मुरलेली माणसे लागतील, अशी त्यांची दृष्टी होती. हा उपदेश शिरोधार्य मानून चिंतामणराव मध्य प्रांत व वऱ्हाड येथे अधिकारी म्हणून रुजू झाले. त्या प्रांताच्या एका भागात हिंदी व दुसऱ्या भागात मराठी चाले. वरिष्ठ कचेरीचा व्यवहार इंग्रजीत होई. शेतकऱ्याची कैफियत त्याच्या भाषेत ऐकावयाची आणि तिचे सार इंग्रजी टिपणात उतरावयाचे, हे तेथील अधिकाऱ्याचे नित्याचे काम. जो केवळ साहेबाची भाषा जाणतो त्यास रयतेचे दुःख कळत नाही, आणि जो केवळ रयतेची भाषा जाणतो त्यास ते वरपर्यंत पोहोचविता येत नाही. चिंतामणराव दोन्ही जाणत असत. महसूल खात्याचे व अर्थखात्याचे सचिवपद त्यांस लहान वयात मिळाले. १९३१ साली लंडन येथे दुसरी गोलमेज परिषद भरली, तेव्हा तिच्या सचिवांपैकी एक म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

इ. स. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये तिचे डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. त्या आसनावर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. सरकारी नोटांवर त्यांची सही झळकू लागली. १९४४ साली अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले व त्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक ह्या संस्थांचा पाया घातला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते. देश त्या वेळी पारतंत्र्यात होता. युद्धकाळात हिंदुस्थानचे पौंडांच्या रूपाने इंग्लंडकडे साठलेले प्रचंड येणे कसे परत मिळावे, हा नाजूक प्रश्न मांडावयाचा होता. तो रागाने मांडून भागले नसते व गप्प बसूनही भागले नसते. ज्याच्याकडून येणे घ्यावयाचे त्याच्याच भाषेत, परंतु आपल्या देशाचे हित तिळमात्र न सोडता, बोलावयाचे होते. १९४७ साली फाळणी झाली, तेव्हाही नव्या पाकिस्तानच्या चलनाची जबाबदारी काही काळ रिझर्व्ह बँकेकडेच होती. अशा बिकट दिवसांत त्यांनी बँकेचा कारभार हाकला. १९४९ च्या आरंभी बँक राष्ट्राच्या मालकीची झाली व त्याच वर्षीच्या जून महिन्यात ते त्या पदावरून उतरले. पुढील वर्षी पॅरिस येथे नाणेनिधी व जागतिक बँक ह्यांच्या संयुक्त सभेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले.

येथे क्षणभर थांबून मूळ प्रश्नाकडे वळू. भाषा व स्वभाव ह्यांच्या संबंधाविषयी अलीकडच्या विद्वानांनी पुष्कळ शोध केला आहे. सुसान अर्विन-ट्रिप नावाच्या विदुषीने अमेरिकेत राहणाऱ्या फ्रेंच मंडळींस काही चित्रे दाखविली व त्यांवरून एकदा फ्रेंच भाषेत व एकदा इंग्रजीत गोष्टी सांगावयास लावल्या. चित्रे तीच व माणसेही तीच, परंतु भाषा बदलताच गोष्टीतील माणसांचे वागणे बदलले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी झां-मार्क डवाल व अनेता पाव्लेन्को ह्यांनी हजारांहून अधिक बहुभाषी लोकांस विचारले असता, आपण निरनिराळ्या भाषांत निराळे होतो, असे त्यांतील बहुतेकांनी सांगितले. दुसऱ्या एका पाहणीत असे आढळले की, ज्यांस अनेक भाषा येतात त्यांस संदिग्ध व अनोळखी परिस्थितीचा त्रास कमी वाटतो. शिकागो येथील बोआझ कायसर व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१२ साली दाखवून दिले की, शिकून घेतलेल्या भाषेत विचार करताना मनुष्य नफ्यातोट्याच्या भयाने कमी बहकतो. जणू परकी भाषा ही भावनेच्या विस्तवापासून थोडे दूर बसविते.

परंतु एक सावधगिरी बाळगली पाहिजे. भाषांमुळे मन मोकळे होते, की मोकळ्या मनाचीच माणसे भाषा शिकतात, हे अशा पाहण्यांवरून उलगडत नाही. लंडनमधील शाळकरी मुलांच्या एका पाहणीत बहुभाषी मुले इतरांपेक्षा अधिक मोकळ्या मनाची व दुसऱ्याचे अंतःकरण जाणणारी दिसली, तथापि मनाच्या स्थैर्यात ती किंचित उणी पडली. दोन किनाऱ्यांमध्ये नाव चालविणाऱ्यास लाटाही अधिक लागतात. तात्पर्य, भाषा हे केवळ वरदान नव्हे. ती एक जोखीमही आहे. जोखीम पत्करूनही ज्याचे तारू डगमगले नाही, त्याचे चरित्र ह्याकरिताच अभ्यसनीय ठरते.

चिंतामणरावांच्या घरातही भाषांचा संगम होता. त्यांची पहिली पत्नी रोझिना ही इंग्रज होती. तिच्या निधनानंतर १९५३ च्या जानेवारी महिन्यात त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या, त्यांची मातृभाषा तेलुगू. लहान वयातच त्यांनी मुलींसाठी हिंदीची पाठशाळा काढली होती, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगला होता, व घटना समितीच्या त्या सभासद होत्या. अशा रीतीने कोकणातील मराठी पुरुष व आंध्रातील तेलुगू स्त्री ह्यांचा संसार दिल्लीस मांडला गेला. जाती, प्रांत व भाषा ह्यांच्या भिंती त्या काळी आजच्यापेक्षा पुष्कळ उंच होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या गोष्टीचे महत्त्व कळते.

आता त्यांच्या आयुष्यातील खऱ्या कसोटीचा प्रसंग सांगावयाचा आहे. १९५० साली ते भारताचे अर्थमंत्री झाले, आणि १९५२ च्या निवडणुकीत आपल्याच कुलाबा जिल्ह्याने त्यांस लोकसभेत पाठविले. त्यांच्या कारकीर्दीत इम्पीरियल बँकेचे रूपांतर होऊन १९५५ साली स्टेट बँक अस्तित्वात आली व पुढील वर्षी आयुर्विम्याचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला. अर्थसंकल्पाची कागदपत्रे इंग्रजीच्या बरोबर हिंदीतही छापण्याचा प्रघात त्यांच्याच काळात पडला. लौकिकदृष्ट्या पाहता त्यांचा उत्कर्ष पूर्ण झाला होता. त्याच वेळी भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न पेटला. मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे व मुंबई त्याची राजधानी व्हावी, अशी महाराष्ट्रीय जनतेची मागणी होती. परंतु मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय १९५६ च्या जानेवारीत जाहीर झाला. मुंबईत प्रक्षोभ उसळला, गोळीबार झाले, व कित्येक माणसे प्राणास मुकली.

चिंतामणरावांपुढे दोन मार्ग होते. मौन धरून मंत्रिपद सांभाळावे हा एक. त्यास नावे ठेवण्यासही फारसे कोणी धजले नसते, कारण ते कोणत्याही भाषेचे कैवारी म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यांचे शिक्षण विलायतेत झालेले, त्यांची पत्नी तेलुगू भाषिक, त्यांची लेखणी इंग्रजीत चालणारी, त्यांची कविता संस्कृतात रंगणारी. असा मनुष्य प्रांताभिमानाच्या वर उठलेला असणार व मराठी जनतेची तळमळ त्यास शिवणारही नाही, असा अंदाज एखाद्याने केला असता तर त्यात नवल नव्हते. परंतु तो अंदाज साफ चुकीचा ठरला. त्यांनी दुसरा मार्ग धरला व मंत्रिपदाचा त्याग केला. जुलै १९५६ मध्ये लोकसभेपुढे त्यांनी आपल्या राजीनाम्याची कारणे मांडली. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला, असा त्यांचा आक्षेप होता. आणि गोळीबारांची न्यायालयीन चौकशी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता.

ह्या प्रसंगात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. मायबोलीच्या लोकांवर अन्याय होत आहे असे वाटताच ते सत्तेस चिकटून राहिले नाहीत, ही पहिली गोष्ट. परक्या भाषांनी त्यांची नाळ तोडली नव्हती, हे येथे सिद्ध झाले. दुसरी गोष्ट त्याहूनही मोलाची आहे. मुंबईवर हक्क सांगणाऱ्या इतर भाषिकांविषयी त्यांनी द्वेष पसरविला नाही. त्यांचा सारा युक्तिवाद न्याय, रीत व लोकशाहीचा धर्म ह्यांवर उभारलेला होता. ज्यास एकच भाषा येते, त्यास आपल्या भाषेचे प्रेम व दुसऱ्याच्या भाषेचा मत्सर ह्यांतील अंतर पुष्कळदा दिसत नाही. ज्याने अनेक भाषांत मित्र जोडले, त्यास ते दिसते. निष्ठा आणि औदार्य ही एकाच अंतःकरणात सुखाने नांदू शकतात, हाच त्यांच्या राजीनाम्याचा धडा होय. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

मंत्रिपद गेले म्हणून चिंतामणराव रिकामे बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, आणि १९६२ ते १९६७ ह्या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. नाना देशांच्या व नाना भाषांच्या विद्वानांनी एकत्र बसून बोलावे, हा तिचा हेतू. १९५९ साली त्यांस रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९६९ साली ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले. तीत त्यांस यश आले नाही. १९७५ साली भारत सरकारने त्यांस पद्मविभूषण ही पदवी अर्पण केली.

त्यांची ग्रंथसंपदा पाहिली म्हणजे ह्या माणसाच्या मनात प्रत्येक भाषेस कसे स्वतंत्र दालन होते हे कळते. आत्मचरित्र त्यांनी इंग्रजीत लिहिले. ते १९७४ साली प्रसिद्ध झाले. जगाशी हिशेब करावयाचा तो जगाच्या व्यवहाराच्या भाषेत, असे जणू त्यांस वाटले. स्वतःच्या कविता मात्र त्यांनी संस्कृतात रचल्या, व त्यांचा संग्रह १९६९ साली निघाला. महात्मा गांधींची वचनेही त्यांनी संस्कृत श्लोकांत आणली. कालिदासाचे मेघदूत मात्र त्यांनी मराठीत उतरविले. अलकानगरीच्या विरहिणीची व्यथा आपल्या घरच्या भाषेत सांगितल्यावाचून त्यांस चैन पडले नाही. कचेरीत रुक्ष व अबोल वाटणारा हा अधिकारी कवितेत हळुवार होई. ह्यास कोणी स्वभावातील विसंगती म्हणेल. परंतु ती विसंगती नव्हे. एकाच वीणेच्या निरनिराळ्या तारा आहेत. तार बदलली तरी वीणा बदलत नाही. दुर्गाबाई १९८१ साली निवर्तल्या, आणि दिनांक २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांनी देह ठेवला. नाते येथे उगवलेला हा दिवा तेलुगू मुलखात शांत झाला.

विद्यार्थी मित्रहो, भाषा शिकण्याने स्वभाव आपोआप सुधारतो, असे ह्या चरित्रावरून कोणी समजू नये. अनेक भाषांत गोड बोलून अनेक माणसांस फसविणारे लोकही जगात आहेत. भाषा ही हातातील पणतीसारखी आहे. ती वाट उजळते, परंतु चालावयाचे आपणांसच असते. मात्र ज्याचे मूळ आपल्या मातीत घट्ट आहे त्याने कितीही भाषांचे पाणी प्यावे, त्याचा वृक्ष वाढतच जातो. ह्याची साक्ष देणारा पुरुष आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वीही होऊन गेला. इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी गोव्यात राहून मराठी इतकी आत्मसात केली की, १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण हे ओवीबद्ध मराठी महाकाव्य छापून निघाले. परक्याची भाषा प्रेमाने शिकणारा परका राहत नाही, आणि आपली भाषा प्रेमाने जपणारा कोठेही हरवत नाही.

पालकांस एवढीच विनंती की, मुलाने इंग्रजीत चार वाक्ये म्हटली म्हणून त्याचे घरचे बोलणे हलके लेखू नये, आणि त्यास घरचे बोलणे गोड लागते म्हणून इंग्रजीपासून त्यास दूरही ठेवू नये. आजीच्या तोंडची म्हण, गुरुजींनी शिकविलेला श्लोक व परदेशी ग्रंथातील विचार ही तिन्ही एका मनात मावतात, इतके मनुष्याचे मन विशाल आहे. महाडच्या वाटेवरील एका खेड्यात जन्मलेल्या मुलाने हे आपल्या आयुष्याने दाखवून दिले. रायगडाकडे जाताना नाते गाव लागले म्हणजे तेथे क्षणभर थांबावे, आणि चिंतामणरावांचे स्मरण करून पुढे चालू लागावे.